राज्याभिषेकाची भांडी आणि बुलढाण्याचे कारागीर

२०२३ हे साल राज्याभिषेकांच्या स्मरणाचे ठरले. ६ मे रोजी लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या मस्तकी मुकुट चढला आणि त्यानंतर महिन्याभरातच रायगडावर शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षाचा प्रारंभ झाला. एक सोहळा विद्यमान राजाचा, दुसरा लोकांच्या मनात राज्य करणाऱ्या राजाचा. दोहोंत साम्य असे काही असेल तर ते बाजारात होते. तिकडे चिनी मातीचे पेले, बशा आणि चांदीचे चमचे. इकडे सोनेरी मुलाम्याच्या राजमुद्रा, फायबरची सिंहासने आणि काचेच्या चौकटीतील सन्मानचिन्हे. सोहळा पार पडला, भाषणे विरली. वस्तू मात्र घरोघरच्या फडताळांत राहिल्या. त्या तेथे किती काळ राहतील आणि कशाची आठवण देतील, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. निदान बुलढाणा जिल्ह्याने तरी तो स्वतःला विचारावयास हवा.

राज्याभिषेक आणि भांडी यांचा संबंध व्यापाऱ्यांनी जोडलेला नाही. तो मूळ विधीतच आहे. अग्निपुराणात सांगितलेल्या राज्याभिषेकविधीत चार दिशांना चार वर्णांचे अमात्य उभे राहतात. पूर्वेस तुपाने भरलेला सोन्याचा कुंभ, दक्षिणेस दुधाचा रुप्याचा, पश्चिमेस दह्याचा तांब्याचा आणि उत्तरेस पाण्याने भरलेला मातीचा. रायगडावरही प्रधान हाती कलश घेऊन उभे होते, अशी वर्णने आहेत. या मांडणीत वर्णव्यवस्थेची उतरंड आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोन्याचा कुंभ आहे म्हणून मातीचा वगळला तर विधी पुरा होत नाही, हेही तितकेच खरे. राजावर जे पाणी पडावयाचे, त्यातील काही कुंभाराच्या घटातूनच पडले पाहिजे, असे तो विधी सांगतो. ज्या भांड्यांत राज्याचा सारा समाज उभा होता, ती पुढे केवळ शोभेची कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सच्या, म्हणजे १६६१ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास राजाचे चित्र रंगविलेली मातीची भांडी दिसू लागली. पुढे यंत्रयुगात स्टॅफर्डशायरच्या भट्ट्यांतून असे पेले मोठ्या संख्येने निघू लागले आणि मग वस्तू घटनेच्याही पुढे धावू लागली. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हावयाचा होता. राजाच्या आजारपणामुळे तो ९ ऑगस्टला झाला. पेल्यांवर मात्र जूनची तारीख आधीच भाजून पक्की झाली होती. आठव्या एडवर्डने तर डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासनच सोडले. १२ मे १९३७ या ठरलेल्या दिवशी त्याच्या भावाला मुकुट मिळाला आणि कधीही न झालेल्या राज्याभिषेकाची भांडी दुकानांत उरली. या घटना हसून सोडून देता येतात. मॉस्कोची घटना तशी नाही. १८९६ च्या मे महिन्यात दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकानिमित्त खोदिंका मैदानावर लोकांना खाऊ आणि राजाची आद्याक्षरे असलेला एनॅमलचा पेला वाटावयाचा होता. भेटवस्तू पुरणार नाहीत अशी आवई उठली, लाखोंचा जमाव पुढे लोटला आणि तेराशेहून अधिक माणसे चेंगरून मेली. त्यांचा जीव घेणारा तो पेला राजाच्या दृष्टीने कवडीमोल होता, मिळविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आयुष्यात एकदाच घरात येणारी चीज होती.

आपल्याकडील उदाहरणही फारसे सुखावह नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद म्हणून घोषित करण्यात आले. त्या प्रसंगाची पदके पाडण्यात आली; संस्थानिकांना सोन्याची, इतर मान्यवरांना रुप्याची. त्याच वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या झगमगाटात हातसुताच्या खादीचा वेष करून उपस्थित राहिले. कोणत्याही पदकापेक्षा तो वेषच त्या दरबाराचे खरे स्मृतिचिन्ह होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वऱ्हाडची स्थिती तर आणखी चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पण सार्वभौमत्व नावापुरते निजामाकडेच राहिले; १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९३६ नंतर हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. लोणारच्या एखाद्या रहिवाशाने आपल्या राजाचे चित्र असलेला पेला घ्यावयाचे मनात आणले असते, तर चित्र लंडनचे पाहावे की हैदराबादचे, असा पेच त्याला पडला असता. साहजिकच अशा राजांच्या वस्तूंनी या मातीत मूळ धरले नाही.

मूळ धरले ते एका तांब्याच्या तुकड्याने. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित अशी दोन नाणी प्रसिद्ध आहेत: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे, इतकेच. चित्र नाही, नक्षी नाही. सभासद बखरीने ज्याचे वजन बत्तीस मण सांगितले, ते सुवर्णसिंहासन आज नाही. शिवराई मात्र राज्य बुडाल्यावरही एकोणिसाव्या शतकापर्यंत दख्खनच्या बाजारात चालत राहिली. भाजी घेताना, मजुरी देताना राजाचे नाव हातातून हातात गेले. ती जपून ठेवण्यासाठी नव्हतीच. वापरण्यासाठी होती आणि म्हणूनच टिकली.

या इतिहासाचा बुलढाणा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. लोणारच्या पश्चिमेस चाळीस-पन्नास किलोमीटरांवर सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आहे. ज्या मातेने राज्याभिषेक डोळे भरून पाहिला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी देह ठेवला, तिच्या जन्मदिनी, १२ जानेवारीस, तेथे अफाट जनसमुदाय लोटतो. याच जिल्ह्यातील खामगाव चांदीसाठी ‘रजतनगरी’ म्हणून नावाजलेले आहे. आणि लोणारबद्दल ऐन-इ-अकबरीत नमूद आहे की, काच आणि साबण करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात. किंबहुना निसर्गाने येथे कारागिराच्या आधीच काच घडविली होती. अशनीच्या आघाताने वितळलेल्या काळ्या पाषाणाचे काचमय कण या विवराच्या परिसरात अभ्यासकांना सापडले आहेत. चांदी, काच आणि जिजाऊंचे गाव एकाच जिल्ह्यात असताना येथे येणाऱ्या यात्रेकरूने दूरच्या कारखान्यातील मुलाम्याची वस्तू विकत घेऊन परतावे, यात काहीतरी चुकते आहे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. सरोवराचे क्षार पुन्हा उपसावेत, असे कोणी सुचवू नये. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ आहे. त्याला हात न लावणे हेच शहाणपण. हवी आहे ती या भूमीची कारागिरी, तिचा क्षार नव्हे. गावोगावच्या कुंभाराचे चाक आणि आवा, तांबटाचा हातोडा, सोनाराचा साचा यांतून साधी पण खरी वस्तू निर्माण होऊ शकते: पाणी पिण्याचा मातीचा पेला, रोजच्या पूजेचा तांब्या, खामगावच्या शुद्ध चांदीचे छोटे नाणे. त्यांवर प्रसंग, वर्ष आणि घडविणाऱ्या गावाचे नाव असावे, एवढे पुरे.

स्वस्त सन्मानचिन्हांमागेही लोकांची भक्तीच असते, त्यांना नावे का ठेवावीत, असा आक्षेप घेतला जाईल. भक्तीबद्दल शंका नाहीच. प्रश्न किमतीचाही नाही. शिवराईहून स्वस्त वस्तू त्या काळी तरी कोणती होती? प्रश्न असा की, या भक्तीचा पैसा कोणाच्या घरी जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत कुंभार व सोनार यांच्यासह अठरा व्यवसायांना प्रशिक्षण व कर्जाची सोय आहे. ती स्वागतार्हच. परंतु कर्ज मिळाले तरी घट विकला गेल्याशिवाय आवा पुन्हा पेटत नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका, शाळा आणि उत्सव समित्या दरवर्षी सत्कारासाठी जी चिन्हे खरेदी करतात, त्यांतील निम्मी जरी जिल्ह्यातील कारागिरांकडून घेण्याचा नियम केला, तर त्यांना वर्षभराचे गिऱ्हाईक मिळेल आणि सरकारी तिजोरीवर नवा बोजाही पडणार नाही.

राज्याभिषेकाच्या विधीत उत्तरेकडील मातीच्या घटाला जागा होती. राज्याभिषेकाच्या स्मरणातून मात्र तो घट आणि तो घडविणारा, दोघेही बाहेर पडले आहेत. येत्या ६ जूनला सत्काराचे नारळ फुटतील, शाली पांघरल्या जातील. त्या वेळी पाहुण्याच्या हाती मुलाम्याची चौकट न देता लोणारच्या किंवा सिंदखेडच्या कुंभाराचा पेला दिला गेला, तर तो रोज पाण्यासाठी हाती घेतला जाईल आणि त्यासोबत राजाचे नावही.