भरपाईच्या रकमेत मुलाचा वाटा

अपघातात जायबंदी झालेल्या वडिलांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून भरपाई मंजूर होते आणि त्याच सुमारास मुलाच्या पोटगीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात सुनावणीला येतो. एका बाजूचे वकील म्हणतात, पाय गेला, नोकरी गेली, पोटगी द्यायची कशातून? दुसरी बाजू म्हणते, लाखो रुपये हाती आले, पोटगी वाढवा. दोन्ही युक्तिवाद अपुरे आहेत, कारण भरपाई कशाकशाची मिळाली हे दोघेही पाहत नाहीत.

'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' (2010) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची शीर्षे नीट मांडली आहेत : उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत, भावी मिळकतीचे नुकसान, पुढील उपचार, वेदना, जगण्यातल्या सुखाला मुकणे. यातला उपचारांचा आणि वेदनेचा पैसा जखमी माणसाच्या देहासाठी आहे. पोटगीसाठी त्याला हात लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भावी मिळकतीचे तसे नाही. समजा, 33 वर्षांचा चालक महिन्याला 20,000 रुपये मिळवत होता आणि त्याची कमावण्याची क्षमता 60 टक्क्यांनी घटली. 'सरला वर्मा' निवाड्यातला (2009) 16 चा गुणक लावला, तर मिळकतीतली भावी वाढ न धरताही 23,04,000 रुपये होतात. पुढच्या अनेक वर्षांची ही कमाई एकदम मिळालेली आहे. त्या कमाईत मुलाचा वाटा होता. तो या रकमेतही आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 पुरेशी साधने असलेल्या व्यक्तीवर जबाबदारी टाकते. ती साधने पगारातूनच आली पाहिजेत, अशी अट त्यात नाही. 'रजनेश विरुद्ध नेहा' (2020) या निवाड्यापासून मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र देणे भाग आहे. भरपाई, तिची मुदत ठेव आणि व्याज त्यात यायलाच हवे. मिळकत खरोखरच घटली असेल, तर कलम 146 खाली पोटगी कमी करून मागण्याचा मार्ग वडिलांना मोकळा आहे. अर्ज न करता पोटगी थकवत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खरी अडचण लोकअदालतीतल्या तडजोडीत येते. पुरसिसमध्ये 'सर्व मागण्यांपोटी एकरकमी' एवढीच ओळ असली, की शीर्षे पुसली जातात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 नुसार त्या निवाड्यावर अपीलही नाही. पुढे पोटगीच्या न्यायालयाला रकमेची फोड करायला आधार उरत नाही. मग कधी मुलाचा हक्क बुडतो, तर कधी जखमी बापाच्या शस्त्रक्रियेचा पैसा मिळकत म्हणून मोजला जातो.

म्हणून अपघात दावे चालवणाऱ्या प्रत्येक वकिलाला आमची विनंती आहे. तडजोडीवर सही घेण्यापूर्वी अशिलाला पोटगीचा आदेश किंवा अर्ज आहे का, हे विचारा आणि पुरसिसमध्ये प्रत्येक शीर्षाची रक्कम स्वतंत्र लिहा.