अवकाशातील रसद आणि शहापूरचा टँकर

सल्यूत-६ या अवकाशस्थानकाकडे सोव्हिएत संघाने २० जानेवारी १९७८ रोजी ‘प्रोग्रेस’ हे पहिले मानवरहित मालवाहू यान सोडले. सुमारे सव्वादोन टन रसद पोहोचविल्यावर ते वातावरणात जळून गेले. ही पद्धत आजही बव्हंशी तशीच आहे. माल पोहोचतो, गाडी मात्र दर खेपेला भस्म होते. (अमेरिकेतील एका कंपनीचे यान सुखरूप परतते, हा अलीकडचा अपवाद.)

अशा पुरवठ्यातील खरी किंमत मालाची नसून वाहतुकीची असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्थानकावरील तंत्रज्ञांनी खेपा वाढविण्यापेक्षा गरज घटविण्याकडे लक्ष पुरविले. घाम, उच्छ्वासातील बाष्प व मूत्र यांतून पाणी परत मिळविण्याचे प्रमाण २०२३ साली ९८ टक्क्यांवर पोहोचले. भारतानेही १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह अवकाशात जोडून दाखविले. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचा संकल्प आहे. तेथे पाण्याचा थेंबन् थेंब आधी हिशेबात धरला जाईल, यात शंका नाही. मग हाच हिशेब शहापूर-मुरबाडच्या वाट्याला का येऊ नये?

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली; मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या शिवेवरील बारवी औद्योगिक पट्ट्याची तहान भागविते. आणि दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखातील पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात! पाडे उंचावर, धरणे खाली, कातळात पाणी मुरत नाही, ही कारणे खोटी नाहीत. भातसा उशाशी असताना घाटावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखावी लागली, ती त्यामुळेच.

परंतु टँकरवरील रुपया ‘प्रोग्रेस’प्रमाणे खेपेबरोबरच जळतो, मागे मालमत्ता उरत नाही. तो टंचाई निवारणाच्या नावाखाली पडतो, म्हणून तातडीने मिळतो. साठवण टाकी, विहिरीचे खोलीकरण, झऱ्याचे बांधकाम हा भांडवली खर्च. त्याला मंजुऱ्यांची वाट पाहावी लागते. हंडा घेऊन ताटकळणाऱ्या बाईचे तास तर कोणत्याच खात्यावर पडत नाहीत.

टंचाई आराखड्यात प्रत्येक पाड्यापुढे दोन रकाने वाढवावेत: टँकर किती वर्षे गेला आणि त्यावर आजवर एकूण किती खर्च झाला. ती बेरीज पाड्याच्या नावासह ग्रामसभेत वाचून दाखवावी, आणि त्या रकमेत किती टाक्या बांधून झाल्या असत्या हे तालुक्याच्या अभियंत्याने तिथेच सांगावे.