नाद आहे, उस्ताद हवा

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेलं आमचं गाव. एका बाजूला धानाची शेतं, दुसऱ्या बाजूला शहर. जवळच बिरसीच्या विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिथल्या लहान विमानांचा आवाज आला की आमचा भाचा हातातला घास ताटात ठेवून अंगणात पळतो. वय सोळा. विज्ञानाच्या पुस्तकात रमतो, मोबाईलवर गाड्यांच्या शर्यती खेळतो आणि सुट्टी मिळाली की गॅरेजच्या दारात उभा. त्याच्या अम्मीची तक्रार ठरलेली : ''भाईजान, मुलगा वाया चालला. तुम्ही तरी समजवा.''

आम्ही समजवायला बसलो आणि स्वतःच शिकून उठलो. सायकलचा पंप हातात घेऊन त्याने इंजिन समजावलं. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, ठिणगी द्यायची, धूर बाहेर सोडायचा. या चार कामांत दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो आणि क्रँक दोन फेरे फिरतो. आम्ही ''वाह!'' म्हणणार, तेवढ्यात त्याने विचारलं, ''मामू, जुन्या मोटारीच्या इंजिनाला मोठं पातं लावलं तर उडता येईल?''

आमच्या काळजात धस्स झालं. कारण आम्हाला फुलसावंगी आठवली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं ते गाव. तिथला शेख इस्माईल हा तरुण. आठवीनंतर शाळा सुटलेली, हातात वेल्डिंगचं काम. व्हिडिओ पाहून शिकत त्याने मारुती 800 चं इंजिन वापरून हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. नाव ठेवलं 'मुन्ना हेलिकॉप्टर'. त्यापायी दोन वर्षं घातली. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिनाला काही दिवस उरले असताना, चाचणी सुरू होती. मागचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पात्यावर आदळला, ते पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. अल्लाह त्याची मगफिरत करो.

त्या वेळी कोणी हळहळलं, कोणी वेडेपणा म्हणालं. आम्हाला तो वेडेपणा वाटत नाही. आठवी शिकलेला मुलगा स्वतःच्या हातांनी एवढं यंत्र उभं करतो, याला अक्कल लागते. उणीव होती ती शेजारी उभं राहून ''थांब'' म्हणणाऱ्या जाणकाराची. व्हिडिओ कसं करायचं ते दाखवतो. आपण कुठे चुकलो, ते त्याला दिसत नाही.

भाच्याला आम्ही तेच सांगितलं, पण विज्ञानाच्या भाषेत. दोरीला दगड बांधून फिरवून बघ. वेग दुप्पट केलास तर दोरीवरचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट, तर ताण नऊपट. हळू फिरताना घट्ट वाटणारा बोल्ट म्हणूनच पूर्ण वेगात दगा देऊ शकतो. हेलिकॉप्टरचा मागचा पंखाही शोभेचा नसतो. वरचं पातं एका बाजूला फिरलं की धड उलट बाजूला फिरू पाहतं. मागचा पंखा त्याला रोखून धरतो. यातलं काहीही नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. त्याला हिशेब लागतो, तपासणी लागते. फिरत्या पात्याची पहिली चाचणी माणूस आत बसवून करायची नसते. ती जाळीआड, लांबून करायची.

मग गेम वाईट का? तासांचं बंधन हवं, नमाज, अभ्यास आणि झोप आधी. पण शिकाऊ वैमानिकालाही जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये बसवतात, तोही एक प्रकारचा खेळच. फरक इतकाच की तिथे पाठीमागे शिक्षक असतो. गेममध्ये गाडी उलटली तर एक बटण दाबून नवी मिळते. खऱ्या इंजिनाला तसं बटण नाही, एवढं मुलाच्या मनात ठसलं पाहिजे.

अल-जझरी यांनी 1206 मध्ये यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन सिलिंडरचा पाण्याचा पंप आहे, फिरत्या गतीची मागे-पुढे गती करणारा. आजच्या इंजिनातला क्रँक हेच काम उलट दिशेने करतो. आम्हाला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते : प्रत्येक यंत्र कसं बांधायचं ते त्यांनी आकृत्यांसह लिहून ठेवलं. आपल्या मुलालाही एक वही द्या. काय जोडलं, किती मापाचं, काय बिघडलं, सगळं त्यात लिहू दे.

वाट बंद करू नका, वाट दाखवा. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. वेल्डिंगला आठवी पासही चालतं. शाळा सुटली असेल तर मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. आणि नाद मुलीला असेल, तर हे सगळं तिलाही लागू आहे. तिच्या हातातला पाना काढून घेऊ नका.

मागच्या रविवारी आम्ही भाच्याला ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककडे घेऊन गेलो. अट सांगितली : शाळा चुकवायची नाही, उस्ताद जवळ नसताना चालू इंजिनाला हात लावायचा नाही. उस्तादांनी पहिल्या दिवशी बंद इंजिनालाही हात लावू दिला नाही. सगळे पाने पुसून मापाप्रमाणे ओळीने लावायला सांगितले. लावून झाले की परत मोडले, परत लावायला सांगितले.

भाचा तोंड फुगवून घरी आला. अम्मीने विचारलं, काय शिकलास? ''काही नाही,'' म्हणाला, ''नुसते पाने पुसले.'' आम्ही मात्र त्या रात्री निवांत झोपलो.