आधी ब्रेक, मग वेग

अमेरिकेत बापलेक जुनी मोटार उकलून तिची वेगवान गाडी बांधतात. तिला हॉट रॉड म्हणतात. १९३२ सालची आठ सिलिंडरांची, ६५ अश्वशक्तीची फोर्ड त्यासाठी नावाजलेली. मुलाचे सारे लक्ष इंजिनावर असते. जाणता बाप मात्र त्याला आधी चाकापाशी बसवतो. त्या गाडीचे ब्रेक सळयांनी ओढले जात. फोर्डने तेलाच्या दाबाचे ब्रेक १९३९ सालच्या गाड्यांपासून दिले. तसे ब्रेक बसवायचे, मगच इंजिनाची ताकद वाढवायची.

तुमचा मुलगा वा मुलगी ट्रॅक्टरभोवती घुटमळत असेल, तर हाकलू नका. इंजिन बंद करून पाना हाती द्या. रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र अडकवायला शिकवा. उसाची ट्रॉली उताराला लागली, की या धड्याचे मोल कळते.