चवदार तळ्याचे खरे शुद्धीकरण कधी?

दरवर्षी २० मार्चला आमच्या नगर जिल्ह्यातूनही भीमसैनिकांच्या गाड्या महाडकडे निघतात. रात्रीचा प्रवास करून आयाबाया, म्हातारेकोतारे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळ भरतात, पाणी कपाळाला लावतात. आणि तहान लागली की वर येऊन बाटलीबंद पाणी विकत घेतात! ज्या पाण्यासाठी आमच्या आज्यापणज्यांनी डोकी फोडून घेतली, ते पाणी प्यायला त्यांची नातवंडे धजावत नाहीत. तळ्याचे पाणी दूषित झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत आहेत. आंबेडकरी चळवळीने याचा विचार करायचा नाही, तर कोणी करायचा?

इतिहास आठवा. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून त्याचे शुद्धीकरण केले. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्रांच्या घोषात ते तळ्यात ओतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, शेणाने मात्र नक्की घाण होते, एवढेही ज्यांना कळत नव्हते ते धर्माचे पंडित म्हणवत होते! तो विटाळ खोटा होता. आजची घाण खरी आहे. मग आजच्या शुद्धीकरणाची घाई कोणालाच का नाही?

आमच्यातलेच काही बांधव म्हणतात, 'महाडचा लढा पाण्यासाठी नव्हताच, तो समतेसाठी होता.' खरे आहे. परंतु समतेचा हक्क हवेत तरंगत नसतो, तो कशावर तरी असतो. सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला की तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना तेथे हक्क नाही. बाबासाहेब हा खटला दहा वर्षे लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अनादी काळाची म्हणून सांगितलेली रूढी सिद्ध झाली नाही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांच्या वापरात भेदभावाला बंदी आली. असा हक्क मिळाल्यावर पाणीच पिण्याजोगे राहिले नाही, तर हातात काय राहिले? कुलूप उघडले, पण घर रिकामे!

वकिलीच्या व्यवसायात असल्याने आम्हाला आणखी दोन निकाल सांगावेसे वाटतात. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावले की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला गटारांची जबाबदारी टाळता येणार नाही. १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे स्वच्छ पाणी ही कोणाची मेहेरबानी नाही.

तळ्याचे दुखणे कळायला तथागतांचा मार्गच पुरे आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते. कोणत्याही शहरी तळ्यात सांडपाणी, निर्माल्य, खरकटे गेले की त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ माजते, पाणी हिरवे होते. शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. स्फुरद तळाच्या गाळात साठते व पुन्हा वर येत राहते. म्हणून कारंजी, रंगीत दिवे, फरशा यांनी तळे सुधारत नाही. याला सुशोभीकरण म्हणतात, शुद्धीकरण नव्हे. पाऊस आणि नैसर्गिक झरे यांवर हे तळे भरते, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. आधी घाण येण्याच्या वाटा बंद करा, मग गाळ काढा, झरे मोकळे करा.

आमची मागणी साधी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'अ' वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते. त्यासाठी लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ६ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जंतू जास्तीत जास्त ५० असावे लागतात. हे आकडे आणि दर महिन्याच्या तपासणीचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेला मराठी फलक तळ्याच्या काठावर लावा. भीमसैनिक वाचतील आणि जाब विचारतील.

आणखी एक. गाळ काढायला पुन्हा आमचाच माणूस उघड्या अंगाने घाणीत उतरवू नका, यंत्रे आणा. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरवले. पण भरपाईने माणूस परत येत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या महाडचा नाही. नगर शहराचे सांडपाणी नाल्यांतून सीना नदीत जाते आणि तेच पाणी पुढे कर्जत तालुक्यातल्या निमगाव गांगर्डा धरणाच्या दिशेने वाहते. नाल्याच्या काठी घरे कोणाची असतात आणि नाल्यात उतरणारे हात कोणाचे असतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. महाडला जाऊन पाणी कपाळाला लावायचे आणि गावी येऊन सीनेकडे पाठ फिरवायची, हा बाबासाहेबांचा वारसा नव्हे.

आपणही सुधारले पाहिजे. मेणबत्त्या, हार, पत्रावळी, प्लास्टिक तळ्याच्या काठी टाकून येणारे आपल्यातही आहेत. २० मार्च २०२७ हा सत्याग्रहाच्या शताब्दीचा दिवस. शताब्दीला पुतळ्यांना हार घालणे सोपे आहे. पण तळ्याचे पाणी निर्धास्तपणे पिता येणे, हेच त्या सत्याग्रहींना खरे अभिवादन आहे.

जयभीम!