भाकरीला एक दिवस सुट्टी

सुगीचे दिवस म्हणजे बाईच्या कंबरेची परीक्षा. दिवसभर काढणी-खुडणीचे काम, येताना डोक्यावर वैरणीचा भारा, घरात पाऊल टाकावे तो म्हैस हंबरते आहे, पोरे भुकेने कुरकुरत आहेत आणि चूल गार पडलेली. पाच-सहा माणसांचे घर म्हटले की रात्रीच्या पंधरा भाकऱ्या आल्याच. एका भाकरीला तीन मिनिटे धरली तरी पाऊण तास चुलीपुढे जातो, आणि कालवण करायचे राहतेच.

भाकरीला नावे ठेवण्याचा इरादा नाही. ती आपली अन्नपूर्णा आहे. पण भाकरीचा एक स्वभाव असा की तिला हात बसलेला माणूस लागतो. घरातली बाई येईपर्यंत सारे घर तिची वाट पाहत बसते. म्हणून आठवड्यातून दोन रात्री भाकरीला सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी कण्या शिजवाव्यात. कण्यांना थापणे नाही, उलटणे नाही, शेकणे नाही. माप ठाऊक असले की बारा वर्षांचा मुलगासुद्धा त्या रांधू शकतो.

तयारी एकदाच

बाजाराच्या दिवशी दोन किलो ज्वारी निवडून गिरणीत न्यावी आणि "पीठ नको, भरड काढून द्या" असे सांगावे. घरी जाते चालू असेल तर उत्तमच. भरड चाळून घ्यावी. खाली पडेल ते पीठ भाकरीला वापरावे. वर राहिलेली भरड सुपात पाखडली की कोंडा निघून जातो, तो गोठ्यात द्यावा. उरल्या त्या कण्या. कढईत मंद जाळावर खमंग वास सुटेपर्यंत कोरड्याच भाजाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवाव्यात. भाजलेल्या कण्या चिकट होत नाहीत. भरडलेले धान्य अख्ख्या धान्यासारखे टिकत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे पुरेल इतकेच करावे. बाजरीची भरड तर फार लवकर कडवट होते, ती चार दिवसांपुरतीच काढावी.

कण्यांची खिचडी

साहित्य: दोन वाट्या ज्वारीच्या कण्या, एक वाटी मूगडाळ, एक मोठा कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, चिरलेली मेथी, तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला दोन मुठी, दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरे, हळद, तिखट, मीठ, दहा वाट्या पाणी.

कृती: कण्या व डाळ धुऊन घ्यावी. कुकरमध्ये तेल तापवून मोहरी-जिऱ्याची फोडणी करावी, त्यात ठेचलेला लसूण, कांदा व शेंगदाणे परतावेत. पाला, हळद, तिखट, मीठ घालून कण्या व डाळ टाकावी. पाणी ओतून एक उकळी येऊ द्यावी, ढवळावे व मग झाकण लावावे. पाच शिट्ट्या झाल्या की उतरवून वाफ आपोआप जिरू द्यावी. कण्या फेसाळतात, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरू नये. कुकर नसेल तर कण्या तासभर भिजवून जाड बुडाच्या पातेल्यात शिजवाव्यात व मधून मधून तळापासून हलवाव्यात. वाढताना वर लिंबू पिळावे.

ताकातल्या कण्या

उन्हाळ्यात ही खिचडी जड वाटते. तेव्हा एक वाटी कण्या पाच वाट्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवाव्यात. कोमट झाल्या की दोन वाट्या ताक मिसळावे. उकळत्या कण्यांत ताक घालू नये, ते फाटते. वरून लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. तोंडी लावायला फोडलेला कांदा आणि ठेचा असला की आणखी काही लागत नाही.

गव्हाचा दलिया

दोन वाट्या दलिया चमचाभर तेलावर तांबूस परतावा. कांदा, टोमॅटो, गाजर, मटार, जे परसात असेल ते घालावे. सहा वाट्या गरम पाणी व मीठ घालून झाकण ठेवावे. मंद जाळावर पंधरा-वीस मिनिटांत दलिया फुलतो, तेवढ्या वेळात धार काढून होते.

उरलेच, तर सकाळी त्यात ज्वारीचे पीठ व हिरवी मिरची मळून थालिपीठ लावावे.

आता पोषणाचे पाहू. धान्यात जे सत्त्व कमी असते ते डाळीत असते आणि दोन्ही मिळून अन्न पुरे होते, म्हणून मूठभर डाळ वगळू नये. पालेभाजीतले लोह लिंबाच्या आंबटपणाने अंगी चांगले लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. ही गोष्ट साधी वाटली तरी क्षुल्लक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. भाकरीच्या रात्री बाई सर्वांना गरम वाढते आणि शेवटी तव्यावरची उरलेली भाकरी, तळाचे कालवण घेऊन बसते. कण्यांचे पातेले एकदाच उतरते. त्या रात्री घरातल्या बाईचे ताट इतरांबरोबरच वाढावे, आणि भाजी-डाळही तिला तितकीच यावी. कण्यांचा खरा फायदा हाच आहे.

"कण्या म्हणजे गरिबाचे खाणे, पाहुण्यांपुढे कशा ठेवायच्या?" असे एखादी म्हणेल. उत्तर आफ्रिकेत अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया या देशांत कुसकुस नावाचा पदार्थ घरोघरी होतो. गव्हाच्या रव्याला पाण्याचा हात लावून बायका त्याचे बारीक दाणे वळतात. खालच्या भांड्यात भाजी-मांसाचा रस्सा रटरटत असतो, वरच्या भोकाच्या भांड्यात त्याच वाफेवर हे दाणे शिजतात. शुक्रवारी सारे घर त्याभोवती बसते. ह्या तीन देशांनी व मॉरिटानियाने मिळून तो युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नेला, २०२० साली. ते लोक आपल्या रव्याच्या दाण्यांचा अभिमान बाळगतात, आणि आपण पाहुणा आला की कण्यांवर झाकण ठेवतो! भारताच्याच पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून पाळले गेले. मग आपल्याच ज्वारीची लाज कशाला?

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी एवढे करा. दोन किलो भरड काढून आणा, डब्यात वाटी ठेवा, आणि घरातल्या माणसांना एकच माप पाठ करून द्या: एक वाटी कण्या, अर्धी वाटी डाळ, पाच वाट्या पाणी. शेतातून तुम्हाला यायला उशीर झाला तरी पातेले चुलीवर चढलेले असेल. कारभाऱ्यांनी पहिल्या दिवशी मीठ जरा जास्त टाकले, तरी बोलू नका. दुसऱ्या दिवशी हात आपोआप आखडतो.