कोरडे सूत, ओले सूत

उन्हाळ्यात अकोला-अमरावतीच्या घरोघरी कूलर लागतात. पाणी चढेना की हाताला सुती पंचा गुंडाळून चालू कूलरचा पंप हलवण्याची सवय अनेकांना आहे. सूत विजेला अडवते हा समज अर्धाच खरा. प्रमाणित हवेतही कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो. ओल वाढली की त्याचा विद्युतरोध झपाट्याने घटतो. कूलरपाशी पंचा कोरडा राहील कसा?

रेशमाची ख्याती जुनी. १७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे यांनी वीज वाहणारी दोरी रेशमी दोऱ्यांवर टांगली. भाराने दोरा तुटला म्हणून पितळी तार लावली, तर वीज तिच्यातूनच निघून गेली! पण रेशीम हिंसेमुळे आपल्यातील अनेकांना वर्ज्य, आणि आज त्याची गरजही नाही. पॉलिएस्टर फारच थोडी ओल धरते. मात्र ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. शिवाय विणलेले कापड सच्छिद्रच. आपले पाण्याचे गाळणे हेच दाखवते.

लवचिक आवरण हवे ते अखंड रबराचे. मीटरच्या पेटीसमोर अंथरायच्या विद्युतरोधक चटईवर आयएस १५६५२ हा क्रमांक पाहावा, ३.३ किलोव्होल्टपर्यंतच्या 'ए' वर्गाची जाडी २ मिलिमीटर असते. दाराशी टाकायचे रबरी पायपुसणे तिची जागा घेऊ शकत नाही.

कूलरचा तर प्लग काढूनच त्यात हात घालावा. अभिषेकाचे पाणी काढताना ओलेत्याने विहिरीच्या पंपाचे बटण दाबणाऱ्या श्रावकांनी आधी अंग पुसून कोरडे धोतर नेसावे.